बाजूच्या सीटवरचं वजन

आमची गाडी लिटरला सात किलोमीटर द्यायची. चढ लागला की सहावर यायची आणि नवरा दोन दिवस तोंड पाडून बसायचा. गाडी जुनी, ठोकळ्यासारखी, चारही चाकांना जोर असलेली. दार लावायला खांदा द्यावा लागे. आमच्या लग्नाच्या आधीपासून ती त्याच्याकडे होती, त्यामुळे या घरातली थोरली तीच, असं मी गमतीनं म्हणायचे. तेव्हा ती गंमतच होती.

नवरा बोगद्याच्या कामावर मोजणीदार. काम डोंगरात, शेवटचा टप्पा नुसता चिखल, साधी गाडी तिथे पोचत नाही. आणि ही गाडी डिझेल अशी प्यायची की महिन्यातून एकदा घरी यायचं म्हटलं तरी त्याच्या कपाळावर आठ्या पडायच्या. मी इकडे वजनमापं तपासण्याच्या खात्यात निरीक्षक. बाजारातले तराजू, गोदामांतले काटे, पंपांवरची मापं तपासायची आणि खोटी निघाली की सील ठोकायचं. घरात मी आणि सासूबाई. त्यांना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. कान शाबूत, आणि जीभ कानांपेक्षा शाबूत.

"ही अकरा द्यायला लागली ना, तर दर शनिवारी घरी," एकदा निघताना तो म्हणाला.

मला एवढंच हवं होतं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही आम्ही एका घरात राहिलो किती, हे कुणी विचारलं तर मी विषय बदलायचे. म्हणून गाडी हलकी करायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं तेव्हा मी अडवलं नाही. उलट त्याच्या बरोबरीनं कंबर कसली.

गॅरेजवाल्याला सगळे पाना म्हणत, कारण त्याच्या मागच्या खिशात कायम एक पाना खोचलेला असे. बसतानाही तो काढत नसे. गाडीभोवती एक चक्कर मारून तो म्हणाला, "वहिनी, हत्तीला उपास घडवताय."

"हत्ती आमचा आहे," मी म्हणाले. "तुम्ही फक्त ताट काढून घ्या."

टपावरचं कॅरिअर गेलं. पुढचा लोखंडी गार्ड गेला. मागची आडवी बाकं निघाली आणि त्यांच्या जागी नुसता पत्रा राहिला. रुंद टायर जाऊन अरुंद आले. पुढच्या चाकांना हब बसवले, म्हणजे चिखल नसेल तेव्हा ती चाकं मोकळी फिरणार, त्यांच्यामागचा दांडा आणि गिअर उगाच फिरत बसणार नाहीत. चिखल लागला की खाली उतरून हब हातानं फिरवायचे, मग चारही चाकं कामाला. गाडी आठवर आली, मग नऊवर. अकरा अजून लांब होते, तरी नवरा दर शनिवारी घरी यायला लागला, आणि आख्खा रविवार गाडीखाली झोपून काढायला लागला. मला त्याचे पाय दिसायचे. महिन्यातून एकदा सबंध नवरा दिसायचा, त्यापेक्षा दर आठवड्याला पाय बरे, अशी मी मनाची समजूत घालून घेतली.

दर बदलानंतर चाचणी असे. गावाबाहेरचा वळणरस्ता बांधून तयार होता, पण फीत कापायला मोठं माणूस मिळत नव्हतं, म्हणून तो मोकळा पडून होता. तिथे गाडी ठरावीक वेगात आणायची, न्यूट्रल करायची, इंजिन बंद, आणि ती आपसूक कुठवर जाते ते बघायचं. थांबेल तिथे चुन्याची रेघ. नवी रेघ जुनीच्या पुढे पडली तर बदल उपयोगी.

चाचणी खरी ठरायची तर गाडीतलं वजन दर वेळी तेवढंच हवं. म्हणून बाजूच्या सीटवर मी. तेच बूट, पर्स नाही, पाण्याची बाटली नाही. "तू हललीस तरी चालेल, पण उतरू नकोस," तो म्हणायचा. इंजिन बंद झालं की गाडीत एकदम शांत व्हायचं. टायरांचा बारीक आवाज, दाराच्या फटीतून वारा, आणि आम्ही दोघं एकाच दिशेला बघत हळूहळू थांबत जाणारे. मला ते फार आवडायचं. आमच्या संसारात त्याहून जवळ आम्ही कधी बसलो नसू. त्याचं सगळं लक्ष रस्त्याकडे असायचं, ही गोष्ट वेगळी.

एका रविवारी मला गोदामांची तपासणी लागली.

"मग चाचणीचं काय?" त्यानं विचारलं.

"मी नाही म्हणून काय अडणार आहे?"

"तुझं वजन अडणार ना."

हे तो अगदी निरागसपणे म्हणाला. मी हसले, आणि मग मलाच काय सुचलं कोण जाणे, म्हणाले, "वाळू भरून घेऊ."

आमच्या पडवीत एक प्लॅटफॉर्म काटा आहे. खात्यानं भंगारात काढलेला मी लिलावात घेतला आणि स्वतः दुरुस्त केला. लोक संसाराला फ्रिज घेतात, हिनं काटा घेतला, असं नवरा सांगत सुटायचा. त्या काट्यावर मी उभी राहिले. चौसष्ट किलो. मग त्यानं ताडपत्रीच्या गोणीत वाळू भरली आणि "झालं" म्हणाला. झालं नव्हतं, थोडी जास्त होती. चुकीचं वजन मला डोळ्यांत गेलेल्या कुसळासारखं खुपतं. मी आमटीचा चमचा आणला आणि काटा बरोबर रेघेवर येईपर्यंत वाळू काढली. पुन्हा मीच म्हणाले, सगळं वजन सीटवर नको, माणसाचे पाय खाली असतात. तेव्हा आम्ही दोन गोण्या केल्या. मोठी सीटवर पाठीला टेकून, लहान खाली पायांच्या जागी. ब्रेक मारला की मोठी पुढे घसरायची, म्हणून तिला पट्टा लावला. शिवणीतून वाळू सांडायची, म्हणून तिच्याभोवती माझी जुनी शाल गुंडाळली. यात एकही गोष्ट वेडेपणाची नव्हती. प्रत्येकीला कारण होतं, आणि निम्मी कारणं माझी होती.

संध्याकाळी मी गोदामांवरून परतले तर तो दारातच उभा. चेहरा उजळलेला.

"तुझी रेघ मागे पडली," तो म्हणाला. "बरीच मागे."

"गोणी आणि मी सारख्या वजनाच्या. रेघ तीच पडायला हवी."

"पडली नाही ना पण."

पुढच्या रविवारी मी बसले. गाडी माझ्या जुन्या रेघेवर येऊन थांबली. मग मला रस्त्याकडेला उतरवून त्यानं गोण्या चढवल्या. गाडी माझ्या रेघेवरून सरळ पुढे गेली, गोणीच्या रेघेपाशी पोचली आणि तिथे निवांत थांबली. मी वाऱ्याची दिशा बघितली, रस्त्याचा उतार बघितला, टायरची हवा स्वतः मोजली. कुठेही काही नव्हतं.

"तू हलतेस," परत येताना तो म्हणाला. "काच खाली करतेस. मध्येच बोलतेस, मग माझं लक्ष जातं."

"तूच म्हणालास, हललीस तरी चालेल."

"चालतं गं. पण बघ ना, ती बसली की दहा देते."

ती म्हणजे गाडी नव्हे. मी त्याच्याकडे बघितलं. त्याला स्वतःला ते जाणवलंही नव्हतं.

सोमवारी तो गोण्यांसकट कामावर गेला. दर वेळी कोण उतरवणार आणि कोण चढवणार, म्हणाला. हेही खरंच होतं. शनिवारी आला तोही गोण्यांसकट. भाजी आणायला म्हणून मी गाडीत बसायला गेले तर तो म्हणाला, "मागे बस ना." मागे नुसता पत्रा होता. मी बाजारात चालत गेले आणि भाजीवाल्याच्या तराजूवर सगळा राग काढला. बिचाऱ्याचा तराजू बरोबर निघाला.

हबला ग्रीस लावायचं सामान आणायला गॅरेजात गेले तेव्हा पाना जरा घुश्श्यात होता.

"परवा तुम्हाला गाडीत चहा पाठवला, वहिनी. तुम्ही बघितलंसुद्धा नाही."

"परवा मी ऑफिसात होते."

"साहेब आले होते ना ऑइल बदलायला. तुम्ही बाजूला बसलेल्या, शाल घेऊन." तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. खिशातला पाना त्यानं बाहेर काढला आणि उगाच फडक्यानं पुसायला लागला. "ऊन होतं काचेवर. असेल काहीतरी."

असेल काहीतरी, असं मीही म्हणाले. गुंडाळलेली शाल, काचेवर ऊन, कुणालाही बाई बसलीय असं वाटेल. मग समोरच्या काकू भेटल्या. काल गाडी जाताना त्यांनी हात केला तर मीही हात केला म्हणे. "बरं वाटलं गं. हल्ली माणसं बघून न बघितल्यासारखं करतात." काकूंच्या चष्म्याचा नंबर वाढला असेल, असा निकाल लावून टाकला.

पण सासूबाईंचं काय करायचं? त्यांना चष्माच नाही. त्या माणसं गादीवरून ओळखतात. मी गोळ्या द्यायला पलंगाच्या कडेला बसले की गादी दबते, आणि त्या हात पुढे करतात. वर्षानुवर्षं हे असंच. एका सकाळी मी बसले, त्यांनी हात पुढे केला नाही. मी बसून राहिले. त्या छताकडे तोंड करून आपल्याशीच काहीतरी पुटपुटत होत्या.

"आई, गोळी."

त्या केवढ्यानं दचकल्या. "अगं, कधी आलीस? आणि उभी काय आहेस अशी? बस की."

मी बसलेलीच होते. हातानं गादी चाचपून पाहिली. माझ्याखाली ती सपाट होती.

त्या दिवशी ऑफिसात एक मोठा काटा तपासणीला आला. आधी मी स्वतः उभी राहून अंदाज घेते, मग प्रमाणवजनं लावते, ही माझी जुनी सवय. काट्यानं एकेचाळीस दाखवले. मी काटेवाल्याला झापलं, सील ठोकायची तयारी केली, मग वजनं लावली. वीसला वीस, पन्नासला पन्नास. काटा साफ खरा होता. मी काटेवाल्यासमोर पुन्हा त्यावर उभी राहिले नाही.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. रक्त चांगलं, भूक चांगली. अंगठी बोटात पूर्वीसारखीच घट्ट, ब्लाउज पूर्वीसारखेच तंग. आरशात मी होते तेवढीच होते. "काटा बिघडला असेल तुमचा," डॉक्टर म्हणाले. हे मला ऐकवताना मी कोण आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं.

शनिवारी दुपारी मी नवऱ्याला फोन लावला. तो वाटेत होता, इंजिनाचा आवाज येत होता.

"येतोय," तो म्हणाला. "आईच्या गोळ्या संपल्यात ना, घेऊन येतो."

गोळ्या सकाळीच संपल्या होत्या. मी कुणाला सांगितलं नव्हतं. सासूबाईंनाही नाही.

"तुला कोण म्हणालं?"

"तूच. आत्ता मघाशी."

"मी कुठे बोलले तुझ्याशी?"

तिकडे त्यानं गिअर बदलल्याचा आवाज आला. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "फोनवर आहे गं, थांब जरा." ते मला उद्देशून नव्हतं.

मी घाबरले. सरळ सांगते, वजनमापांच्या खात्यात आयुष्य गेलं तरी घाबरले. पण भीतीपेक्षा मोठा होता तो संताप. इतकी वर्षं मी या माणसाला शनिवारी घरी आणायला धडपडले, आणि तो तिकडे डोंगराच्या रस्त्यावर एका गोणीशी संसार करत होता. माझ्याशी बोलताना त्याचा आवाज इतका हलका कधी झाला होता, ते मला आठवेना.

रविवारी तो जेवून आडवा झाला. सासूबाईंचीही आतल्या खोलीत वामकुक्षी चालू होती. मी किल्ली घेतली आणि अंगणात गेले.

गाडी उन्हात तापली होती. बाजूचं दार उघडलं. शाल नीट होती, कुणीतरी तिच्या निऱ्या सारख्या केल्यासारखी. काच बोटभर खाली केलेली होती. मला लागते तेवढीच.

मी पट्टा सोडला आणि गोणीला दोन्ही हात घातले. पूर्वी आम्ही दोघं मिळून ती उचलायचो. आता ती जागची हलेना. माझे पाय मात्र जमिनीवरून सटकायला लागले, त्यांना पकडच नव्हती. शेवटी मी गाडीच्या चौकटीला पाय रोवले आणि तिला ओढून खाली पाडली.

घरातून विळी आणून शिवण फाडली.

वाळू होती. नुसती वाळू, जाडी, बांधकामावरची, तिच्यात शिंपल्याचे दोन तुकडे. मी ती सगळी अंगणात ओतली. लहान गोणीही ओतली. गोण्या उलट्या करून झटकल्या. मला धाप लागली होती आणि फार बरं वाटत होतं.

नवरा दारात उभा होता. तो कधी आला ते मला कळलं नाही.

ओरडेल असं वाटलं. तो ओरडला नाही. त्यानं वाळूच्या ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एखादी खिडकी उघडी राहिली असावी इतक्या साध्या आवाजात म्हणाला, "आता परत भरावं लागेल."

"भरायचं नाही. मी बसणार तुझ्या शेजारी."

"बस ना. तुला नको कोण म्हणालं?" तो पडवीत गेला, काट्यावरची धूळ त्यानं फडक्यानं पुसली. "पण आधी वजन घेऊ. किती ते कळू दे."

मला ते पटलं. वाळू गेली होती, आता जे माझं होतं ते माझ्याकडे परत आलं असणार. मला काट्यावरच बघायचं होतं. काटा खोटं सांगत नाही, हे मी अर्ध्या गावाला सांगत आले होते.

मी चपला काढल्या. काट्यावर चढले. लोखंड पायांना गरम लागलं.

नवरा वाकून तबकडीत बघत होता.

मी वाट बघितली.

"चढ ना," तो म्हणाला.

मी खाली बघितलं. माझी दहाही बोटं पत्र्यावर होती. तबकडीवरची सुई शून्यावर होती, थरथरतही नव्हती.

"चढलेय," मी म्हणाले.

त्यानं मान वर केली. माझ्या पायांकडे बघितलं, मग सुईकडे, मग पुन्हा पायांकडे. त्याच्या चेहऱ्यावर भीती आली नाही. मी ती शोधत होते, निदान तेवढी तरी मिळावी म्हणून. त्याच्या चेहऱ्यावर आलं ते समाधान होतं, मोजणी अखेर जुळल्याचं.

"मग झालं तर," तो म्हणाला. "वाळूची गरजच नव्हती."

तो अंगणात गेला. बाजूचं दार उघडंच होतं. त्यानं आत वाकून पट्टा ओढला, आडवा घेतला आणि खटका लागेपर्यंत दाबला. पट्टा सैल पडला नाही, हवेतच ताणलेला राहिला. मग त्यानं दार लावलं, खांदा न देता, हळूच, आत कुणाचा हात असावा तसं.

तो आपल्या जागी बसला. गाडी त्याच्या बाजूला कलायला हवी होती. ती सरळ राहिली.

मी हाक मारली. इंजिन सुरू झालं होतं. निघताना त्यानं आरशात पाहिलं आणि बाजूला वळून काहीतरी बोलला. थोडं थांबला, आणि हसला.

आवाजानं जाग येऊन सासूबाई भिंत चाचपत दारात आल्या होत्या. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्या उभ्या राहिल्या.

"सावकाश जा रे दोघं," त्या म्हणाल्या.

"आई," मी म्हणाले. मी त्यांच्यापासून चार हातांवर होते.

त्यांनी कान टवकारले. मग मागे सरल्या, दार लोटलं आणि आतून कडी घातली. एकटं म्हातारं माणूस घरात राहिलं की घालतं तशी. आणि थोड्या वेळानं, चाचपडत, वरचा अडसरही.